भरल्या गाडीचे टायर

वर्षातले बहुतेक दिवस आमच्या सात आसनी गाडीत दोनच माणसं असतात. साताऱ्यातल्या साताऱ्यात फिरणं, अधूनमधून पुण्याची खेप, एरवी गाडी जिन्याखाली उभी. पण गणपतीच्या आदल्या दिवशी तीच गाडी चिपळूणकडे निघते तेव्हा मधल्या रांगेत सासूबाई, मामंजी आणि धाकटी नणंद, मागे दोन मुलं, मुलांच्या पायाशी मखराचं सामान, टपावर बॅगा आणि बाहेर कुंभार्ली घाटातला पाऊस. परतीला त्यावर नारळ आणि तांदळाचं पोतं. लग्नानंतर घरातल्या गाड्यांचं खातं माझ्याकडे आलं, आणि तेव्हापासून टायर घेताना मी एकच कसोटी लावते: टायर त्या दिवसासाठी घ्यायचे. उरलेलं वर्ष ते आपोआप निभावतात. दुकानात मात्र पहिला प्रश्न येतो, ‘ताई, कुठल्या कंपनीचे दाखवू?’ माझ्या यादीत तो प्रश्न सातवा आहे.

१. आधी दाराच्या खांबावरचा कागद वाचा

चालकाच्या बाजूचं दार उघडलं की खांबावर एक स्टिकर असतो. त्यावर टायरचा आकार असतो आणि पुढच्या-मागच्या चाकांत किती हवा हवी तेही असतं. स्टिकर उडाला असेल तर गाडीच्या पुस्तिकेत बघा. चाकावर सध्या चढवलेला टायर बघून माप ठरवू नका. गाडी जुनी घेतलेली असेल तर आधीच्या मालकाने काय हौस केली आहे कुणास ठाऊक.

आमचं माप १८५/६५ आर १५ ८८ एच. टायर १८५ मिलिमीटर रुंद, त्याच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या ६५ टक्के, बांधणी रेडियल, रिम १५ इंची. इथपर्यंत बहुतेकांना माहीत असतं आणि दुकानदारही इथेच थांबतो. पुढचे ‘८८ एच’ कुणी उच्चारत नाही, आणि भरल्या गाडीला खरं काम त्यांचंच असतं. ८८ हा भाराचा अंक आहे. त्याचा अर्थ, पूर्ण हवेत एक टायर ५६० किलो पेलतो. ८५ म्हणजे ५१५ किलो, ८७ म्हणजे ५४५, ९१ म्हणजे ६१५. 

चार टायर गुणिले ५६० म्हणजे सव्वादोन टन. आमची गाडी सगळ्यांना घेऊन पावणेदोन टनांच्या आसपास जाते. मग चिंता कसली, असं माझ्या दिरांनी विचारलं होतं. चिंता अशी की वजन चार चाकांवर सारखं वाटलेलं नसतं. तिसऱ्या रांगेत माणसं आणि त्यामागे सामान असलं की मागचा अ‍ॅक्सल दबतो. सीएनजीची टाकी मागे असेल तर तिचाही भार तिथेच. घाट उतरताना ब्रेक लावला की तेच वजन पुढच्या चाकांवर येतं, वळणावर बाहेरच्या चाकावर. कागदावरची ऐसपैस शिल्लक एका चाकापुरती बघितली तर फार उरत नाही. म्हणून भाराचा अंक मूळ अंकाएवढा किंवा त्याच्या वर, खाली कधीच नाही.

शेवटचं अक्षर वेगाचं. टी म्हणजे ताशी १९० किलोमीटर, एच म्हणजे २१०. समृद्धी महामार्गावरसुद्धा मर्यादा १२०ची, मग २१० कशाला, असं वाटतं. पण या अक्षराची चाचणी घेताना टायर वेगात किती तापतो आणि ते तापणं किती सोसतो तेच पाहिलं जातं. वैशाखात विदर्भातल्या माहेरी जाणाऱ्यांनी या अक्षरात काटकसर करू नये.

२. ‘एक साइज वर’ घेण्याआधी वही-पेन घ्या

टायरच्या दुकानात थोडा वेळ बसलं की कुणीतरी येऊन म्हणतंच, ‘एक साइज वरचे टाका, गाडी भारी दिसते.’ आमच्याकडे हा आग्रह भाच्याचा होता. त्याला मी हिशेब करायला बसवलं, कारण हा हिशेब सातवी-आठवीच्या मुलालाही जमतो.

१८५ चे ६५ टक्के म्हणजे १२०.२५. वर एक भिंत, खाली एक, म्हणून दुप्पट: २४०.५. पंधरा इंच म्हणजे ३८१ मिलिमीटर. बेरीज ६२१.५. हा आपल्या चाकाचा पूर्ण व्यास. आता भाच्याला हवा होता तो १९५/६५ आर १५. त्याचा व्यास ६३४.५, म्हणजे दोन टक्क्यांहून थोडा जास्त. काटा ताशी १०० दाखवेल तेव्हा गाडी मूळ टायरवर असती त्यापेक्षा दोन किलोमीटर पुढे असेल. हे एक वेळ चालून जाईल. कुणी २०५/६५ सुचवला तर व्यास ६४७.५, चार टक्क्यांच्या वर. तो मी ऐकूनच घेत नाही. दुकानात तीन टक्क्यांपर्यंत फरक चालतो असं म्हणण्याचा प्रघात आहे. माझी स्वतःची रेघ दोनच्या आसपास आहे.

कंपन्या स्वतः हाच हिशेब करतात. आपल्याकडच्या काही गाड्यांत खालच्या मॉडेलला १६५/८० आर १४ आणि वरच्याला १८५/६५ आर १५ येतात. दोन्हींचे व्यास काढून बघा: ६१९.६ आणि ६२१.५. रिम बदलली, रुंदी बदलली, भिंत बदलली, पण जमिनीपासूनची उंची तीच राखली. साइज वाढवायचीच असेल तर ती अशी वाढवतात.

मग १६ इंची रिम घेऊन १९५/५५ आर १६ बसवावा का? व्यास ६२०.९, अगदी जुळतो. भाचा खूश. पण दोन गोष्टी तपासायच्या राहतात. या मापात सहसा भाराचा अंक ८७ असतो, म्हणजे प्रत्येक चाकामागे पंधरा किलो कमी. दिसायला टायर मोठा, पेलायला लहान. दुसरं म्हणजे भिंत १२० मिलिमीटरवरून १०७ वर येते. खड्डा सोसायचा तो त्या भिंतीने. पावसाळ्यात पाण्याने भरलेला खड्डा दिसत नाही, चाक आदळतं, टायर रिम आणि खड्ड्याची कड यांच्यामध्ये चेपला जातो आणि आतले धागे तुटतात. दोन-चार दिवसांनी भिंतीवर सुपारीएवढा फुगा येतो. फुगा आला की तो टायर संपला. त्याला दुरुस्ती नाही. आमच्याकडचे रस्ते पाहता जाड भिंत ही चैन नव्हे, गरज आहे.

रिमची रुंदीही बघायची. लोखंडी डिस्कवर किंवा अलॉयच्या आतल्या बाजूला ‘५ जे’ किंवा ‘५ १/२ जे’ असं कोरलेलं असतं. १८५/६५ आर १५ पाच इंची रिमवर नीट बसतो. १९५/६५ ला किमान साडेपाच इंच लागतात. अरुंद रिमवर रुंद टायर चढतो, हवाही धरतो, पण त्याच्या भिंती आत ओढल्या जातात आणि वळणावर गाडी डुलते.

आणि रिकाम्या गाडीवर दुकानाच्या अंगणात सगळंच बसतं. टायर चाकाच्या कमानीला घासतो की नाही हे गाडी पूर्ण दबलेली असताना आणि स्टिअरिंग पूर्ण वळवलेलं असतानाच कळतं. कुंभार्लीच्या वळणांवर नेमकं तेच होत असतं. त्याखेरीज मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलांपासून फारकत घेणाऱ्या बदलांना ते मनाई करतं. अपघातानंतर विम्याचा माणूस चाकांकडे बघतो तेव्हा हे कलम आठवून उपयोग नसतो.

भाच्याने शेवटी व्हील कॅप नव्या घेतल्या. गाडी भारी दिसते म्हणतो.

३. टायरचा जन्म कधीचा ते स्वतः वाकून बघा

टायरच्या भिंतीवर ‘डॉट’ या अक्षरांनी सुरू होणारी एक ओळ असते. तिच्या शेवटी लांबोळ्या चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३२५ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा, जूनचा सुमार. पुष्कळदा हे आकडे एकाच बाजूला असतात. टायर चढवल्यावर ती बाजू आत गेली तर वाचता येत नाही. म्हणून चढवण्याआधीच बघायचे, चारही टायरांचे.

दुकानात पडून असलेला टायर सावलीत असेल तर सहा-आठ महिन्यांनी काही बिघडत नाही. वर्ष उलटून गेलेला मी घेत नाही. रबर वापरलं नाही तरी म्हातारं होतंच. आपल्याकडे कारच्या टायराला वयाची कायदेशीर मर्यादा नाही. बऱ्याच कंपन्या पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासून घ्या आणि नक्षी कितीही शिल्लक असली तरी दहा वर्षांनंतर वापरू नका असं सांगतात. आपल्या उन्हात मी दहाची वाट बघत नाही. सहाव्या वर्षी भिंतीवर बारीक भेगांची जाळी दिसू लागते, तेव्हाच निरोप.

४. घरच्या गाडीला ‘लाखभर चालणारा’ टायर कशाला?

हा मुद्दा टूरवाल्यांशी बोलताना माझ्या डोक्यात बसला. आमच्या गल्लीतला टूरवाला नेहमी कडक रबराचे, जास्त किलोमीटर देणारे टायर घेतो. त्याचं बरोबर आहे. त्याची गाडी वर्षाला साठ-सत्तर हजार किलोमीटर पळते, टायर म्हातारा व्हायच्या आत झिजतो. आमची गाडी वर्षाला आठ-नऊ हजार. तोच टायर मी घेतला तर नक्षी झिजायच्या कितीतरी आधी रबर कडक होऊन फुटेल. म्हणजे जे आयुष्य मी विकत घेतलं ते वापरायलाच मिळणार नाही.

रबर कडक केलं की आयुष्य वाढतं आणि ओल्या रस्त्यावरची पकड सहसा घटते. नवीन संयुगांनी ही ओढाताण बरीच कमी केली आहे, पण पुरती मिटवलेली नाही. म्हणून घरच्या गाडीसाठी पैसे खर्चायचे ते पावसातल्या पकडीवर. काही टायरांच्या भिंतीवर ‘ट्रेडवेअर’ या शब्दापुढे ३००, ४०० असा आकडा असतो. मोठा आकडा म्हणजे झीज कमी. पण तो कंपनी स्वतःच ठरवून देते, त्यामुळे एकाच कंपनीचे दोन टायर शेजारी ठेवूनच त्याचा उपयोग. दोन कंपन्यांची तुलना त्यावरून करू नये.

ओल्या रस्त्यावरची किमान पकड, रस्त्यावरचा आवाज आणि फिरताना होणारा अडथळा या तिन्हींसाठी एआयएस-१४२ हे मानक आता लागू आहे. नव्या रचनांच्या टायरांना ते ऑक्टोबर २०२२पासून आणि आधीपासून बनणाऱ्यांना २०२३मध्ये लागलं. काही टायरांवर ऊर्जा दक्षता ब्युरोचे तारेही दिसतात. ते तारे इंधन किती वाचेल त्याचे आहेत. पाच तारे म्हणजे पावसात पाचपट भरवशाचा, असं दुकानातला मुलगा सांगू लागला तर हसून सोडून द्या.

नक्षीच्या खोल खाचांत मध्येमध्ये रबराचे छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली म्हणजे खोली १.६ मिलिमीटर उरली, आणि कायद्याने तो टायर संपला. नवीन टायरात ही खोली सात-आठ मिलिमीटर असते. खाचांचं काम चाकाखालचं पाणी बाहेर फेकणं. सिमेंटच्या महामार्गावर पाण्याचा थर साचलेला असताना उथळ खाचांचा टायर तो थर फोडू शकत नाही, त्याच्यावर तरंगतो. त्या क्षणी स्टिअरिंग हलकं लागतं आणि ब्रेकला अर्थ उरत नाही. म्हणून १.६ची वाट पाहायची नाही. खोली मोजायचं पट्टीसारखं साधन अगदी स्वस्तात मिळतं. मे महिन्यात तीन मिलिमीटरच्या खाली माप आलं तर मी पावसाआधी टायर बदलते. ‘अजून एक सीझन निघेल’ हे वाक्य आमच्या घरात सगळ्यांना येतं. ते दिवाळीत बोललं तर मला चालतं, मृगाच्या तोंडावर नाही.

५. दोनच घेणार असाल तर मागे लावा

यावर माझं प्रत्येक दुकानात भांडण होतं, आणि पुढेही होईल. आपल्या बहुतेक घरगुती गाड्यांची पुढची चाकं ओढतात, तीच वळतात, ब्रेकचा मोठा भार तीच घेतात. म्हणून तीच आधी झिजतात. साहजिकच मेकॅनिक म्हणतो, नवीन जोडी पुढे टाका. ऐकायला पटतंही.

आता ओल्या वळणावर काय होतं ते बघा. पुढची पकड सुटली तर गाडी वळायचं सोडून सरळ जाऊ लागते. चालकाला ते हातात लगेच कळतं, पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून निघतो, वजन पुढे येतं आणि पकड बहुधा परत मिळते. मागची पकड सुटली तर गाडीचं शेपूट बाहेर फेकलं जातं आणि गाडी स्वतःभोवती फिरते. ती सावरायला उलट्या बाजूला नेमकं तेवढंच स्टिअरिंग द्यावं लागतं, आणि ते कसब तुमच्या-माझ्यात नसतं. पाय काढला तर आणखीच बिघडतं, कारण मागचं वजन अजून कमी होतं. म्हणून जास्त खोल नक्षीची जोडी मागे. टायर बनवणाऱ्या मोठ्या कंपन्याही हेच सांगतात. ‘पण ताई, पुढचा फुटला तर?’ जुनी जोडी फुटण्याइतकी खराब असेल तर ती मागेही नकोच. मग चारही बदला.

एका अ‍ॅक्सलवर दोन वेगळ्या नक्षीचे टायर मात्र पुढेही नकोत आणि मागेही नकोत.

चारही एकदम झिजावेत असं वाटत असेल तर दर आठ-दहा हजार किलोमीटरला चाकांची अदलाबदल करून घ्यावी. हे काम टळतं, कारण त्या दिवशी गाडीत काहीच बिघडलेलं नसतं.

६. ‘नवीनासारखे’ टायर

शहराबाहेरच्या भंगार बाजारात काळेभोर चमकणारे जुने टायर रांगेत लावलेले असतात. काहींच्या झिजलेल्या खाचा तापवलेल्या पात्याने पुन्हा खोल कापलेल्या असतात. कारच्या टायरात तेवढं रबरच नसतं. कापलेल्या खाचेखाली धाग्यांचे थर उघडे पडायला आलेले असतात. वरची चमक पॉलिशची. स्वस्त म्हणून स्टेपनीलाही घेऊ नये.

नवीन टायरावर आयएसआयचा शिक्का आणि कारच्या टायरांसाठीचा आयएस १५६३३ हा क्रमांक असतो. तो नसेल तर टायर खाली ठेवा.

७. कंपनी

आला तो प्रश्न. मामंजींना एमआरएफशिवाय दुसरी कंपनी माहीत नाही, दीर मिशेलिनवाले, टूरवाला अपोलोचं नाव घेतो. सीएटचा कारखाना नाशिकला, ब्रिजस्टोनचा चाकणला, त्यामुळे ‘आपल्याकडचा’ म्हणूनही घेणारे भेटतात. माझं मत: योग्य माप, योग्य भाराचा अंक, ताजी तारीख आणि पावसात बरी असलेली नक्षी एवढं जुळलं की नावाजलेल्या कंपन्यांमधला फरक घरच्या चालकाला कळण्याइतका राहत नाही. एकाच कंपनीच्या दोन नक्ष्यांमध्ये त्याहून जास्त फरक असतो. तेव्हा ‘कुठली कंपनी’ऐवजी ‘यातली कुठली नक्षी’ हे विचारा.

भाव मात्र तीन दुकानांत विचारावा. २२ सप्टेंबर २०२५पासून कारच्या नव्या टायरांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे. बिलात तो आकडा वाचावा.

८. हवा: सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित

समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा डिसेंबर २०२२मध्ये सुरू झाला. त्यानंतर टायर फुटून झालेल्या अपघातांच्या बातम्या इतक्या येऊ लागल्या की परिवहन विभागाने महामार्गावर गाड्यांचे टायर तपासायला सुरुवात केली. लोकांनी दोष सिमेंटला दिला. सिमेंट तापतं हे खरं. पण गावातल्या रस्त्यावर कमी हवेचा टायर वर्षभर निमूट चालतो तो थांबत-थांबत चालल्यामुळे. आमच्या मापाचं चाक ताशी १०० किलोमीटरला सेकंदाला चौदा फेरे घेतं. हवा कमी असली की प्रत्येक फेऱ्यात भिंत जास्त दुमडते आणि सुटते, आणि त्या दुमडण्यातून उष्णता तयार होते. दोन-तीन तास एकाच वेगाने गेलं की ती बाहेर पडायला सवड मिळत नाही. त्यात टायर सहा वर्षांचा, गाडी भरलेली, महिना मे. फुटायला आणखी काय हवं?

लोक उलटं करतात. ‘लांब जायचंय, ऊन आहे, दोन पॉइंट कमीच ठेवा.’ पेट्रोलपंपावर हे वाक्य ऐकलं की मला माझी लाइन सोडून त्यांच्या गाडीपाशी जावंसं वाटतं. खांबावरच्या स्टिकरवर पूर्ण भाराचा वेगळा रकाना असतो, तिथे मागच्या चाकांचा आकडा सहसा जास्त असतो. गणपतीला निघताना तो रकाना वापरायचा. परत आलं की नेहमीचा.

हवा थंड टायरात मोजायची, सकाळी, जवळच्या पंपावर. चालून गरम झालेल्या टायरात तीन-चार पीएसआय जास्त दिसणं स्वाभाविक आहे. तेवढी हवा काढून टाकली तर टायर थंड झाल्यावर उपाशी राहतो. टायरच्या भिंतीवर लिहिलेला कमाल दाब हा टायर सोसू शकतो तो आकडा; आपल्या गाडीत भरायचा तो नव्हे.

नायट्रोजनबद्दल विचारतात. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. फुकट मिळाला तर घ्या. पैसे देऊन घेतल्याने महिनोन् महिने दाब न बघण्याची सवय लागत असेल तर तो महागात पडतो.

९. चढवताना समोर उभं राहा

टायर महाग, त्यामुळे लोक घासाघीस तिथे करतात आणि चढवायच्या वेळी चहा प्यायला जातात. मी स्टूल मागून मशीनपाशी बसते. नक्षीला दिशा असेल तर भिंतीवर बाण असतो, आत-बाहेर वेगळं असेल तर तसं लिहिलेलं असतं. घाईत बाण उलटे लागतात. पिवळा ठिपका असेल तर तो टायरचा हलका भाग. व्हॉल्व्हच्या जवळ आणला की बॅलन्सिंगला वजनं कमी लागतात. रबरी व्हॉल्व्ह टायरसोबत नवीन घालून घ्यायचे, त्यांची किंमत चहा-वड्याइतकी आणि तडकला की हवा रात्रभर गळते.

त्यानंतर बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट. जुना टायर एकाच कडेने झिजला असेल तर अलाइनमेंट सुधारल्याशिवाय नवा टायर लावणं म्हणजे पैसे त्याच कडेने झिजवणं. दोन्ही कडा झिजल्या आणि मध्य शाबूत असेल तर हवा कायम कमी होती. मध्य झिजला असेल तर जास्त होती. टायर उतरवल्यावर तो भंगारात फेकायच्या आत एवढं वाचून घ्यावं.

नट मशीनच्या गनने आवळतात, मग हाताच्या पान्याने एकदा बघायला लावते. शंभरेक किलोमीटरनंतर घरी पुन्हा.

१०. पंक्चर

मधल्या नक्षीतलं खिळ्याचं भोक दुरुस्त होतं. खांद्यावरचं आणि भिंतीवरचं होत नाही, कुणी करून देतो म्हणाला तरी. बाहेरून खुपसलेली वातीसारखी पट्टी घरी पोचण्यापुरती ठीक. नंतर टायर उतरवून आतून मशरूम पॅच लावून घ्यावा. आतून पाहिल्यावर आणखी एक गोष्ट कळते. हवा नसताना गाडी किती ओढली गेली ते. भिंतीच्या आत काळा भुसा पडला असेल तर पंक्चर काढण्यात अर्थ नाही. हे मला महामार्गावरच्या एका केरळी अण्णांनी दाखवलं. ते पंक्चरचे पैसे घेऊ शकले असते, त्यांनी नाही घेतले.

११. स्टेपनी आणि बिल

२०२०च्या नियमबदलानंतर ट्यूबलेस टायर, पंक्चरचं किट आणि हवेचा दाब सांगणारी यंत्रणा असलेल्या छोट्या गाड्यांना स्टेपनी न देण्याची मुभा आहे. काही गाड्यांत ती लहान मापाची असते, तिच्यावर ताशी ८०ची मर्यादा लिहिलेली असते. गाडी घेतानाच डिकीचा तळ उचलून हे बघावं. घाटात भर पावसात, सगळं मखर बाहेर काढल्यावर बघू नये. आमची स्टेपनी पूर्ण मापाची आहे. उतरवलेल्या चारांपैकी पाच वर्षांच्या आतला, बऱ्या नक्षीचा एखादा असेल तर तो तिथे जातो, आणि हे मी दुकानदाराला आधीच सांगते, नाहीतर तो हातोहात गुदामात गेलेला असतो. स्टेपनीची हवा महिन्यातून एकदा.

बिलावर चारही टायरांचे क्रमांक लिहून घ्यायचे. वॉरंटी कारखान्यातल्या दोषाला मिळते, खड्ड्याने आलेल्या फुग्याला नेहमी मिळत नाही; त्यासाठीची योजना वेगळी असते, ती विचारून तिथेच नोंदवून घ्यायची.

जुने टायर दुकानदार थोडे पैसे वजा करून ठेवून घेतो. ते त्याच्या स्वाधीन करण्याआधी मी प्रत्येकाच्या भिंतीवर पात्याने लांब चीर मारायला लावते, म्हणजे खाचा कापून ते पुन्हा कुणाच्या गाडीला लागणार नाहीत. दुकानदाराला हे आवडत नाही. चिरलेल्या टायराचे तो निम्मेच वजा करतो, आणि मी तेवढ्यावर बिल भरते.